खुणेसह पत्ते

माझं डोकं लवकर तापतं. आमचे पूर्वज इथल्या संस्थानाच्या फौजेत होते. फौज गेली, तलवार आजोबांनीच भंगारवाल्याला दिली, पण हात आधी आणि तोंड नंतर ही रीत मात्र बापाकडून मुलाकडे बिनचूक येत राहिली. आई म्हणायची, "याच्या नाकावर राग असा ठाण मांडून बसलेला असतो, की चष्म्याला जागा उरत नाही." पुढे जे लिहितो आहे ते याच रागाबद्दल आहे, म्हणून हे आधीच सांगून मोकळा होतो.

बडोद्यात इंटरनेट नवं नवं आलं तेव्हा मी वेबसाइटी बनवायला लागलो. त्या काळी नेट फोनच्याच तारेवरून यायचं. ते चालू असलं की घरचा फोन लागायचा नाही, आणि एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. सयाजीगंजात एका सेव-उसळवाल्याच्या वर मी आणि माझ्या दोस्ताने मिळून खोली घेतली होती. शहरात हे काम करणारी जी काही मंडळी होती ती रविवारी सकाळी तिथे जमायची. कुणी अडलेलं विचारायचं, कुणी शिकलेलं सांगायचं, आणि खालून रश्श्याचा वास यायला लागला की सगळी चर्चा आपोआप संपायची. महिन्याला आम्ही ई-मेलवर एक बातमीपत्र काढायचो. नवीन काय आलं, कोणती कंपनी माणसं घेते आहे, आपल्यातला कोण परदेशी उडाला, असलं सगळं त्यात असायचं. मला त्या बातमीपत्राचा फार अभिमान होता.

शिकवण्याच्या सीडीही आम्हीच करायचो. पडद्यावर काम करून दाखवायचं आणि सोबत बोलत राहायचं. पहिली सीडी मी माझ्या आवाजात केली. मध्येच मशीन अडकलं, मी त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि ती तशीच राहून गेली. एका विद्यार्थ्याच्या घरी ती त्याच्या सासऱ्यांसमोर वाजली. तेव्हापासून आवाज दोस्ताचा. तो मुसलमान. त्याचे आजोबा संस्थानाच्या बँडमध्ये होते, आणि तो स्वतः आमच्या मराठी वस्तीतच खेळून वाढलेला. त्याचं मराठी माझ्यापेक्षा सरळ होतं. मी बोलताना दर वाक्यात गुजराती घुसडायचो, तो नाही. सीडीतला त्याचा आवाज ऐकून बायाबापड्यासुद्धा न घाबरता माउस धरायच्या.

मग मी ते पान बनवलं. आपल्या मंडळातल्या सगळ्यांची यादी, नाव, काम येतं ते, फोन आणि पत्ता. नुसता पत्ता नव्हे, खुणेसह पत्ता. आपल्याकडे घर नंबराने कधी सापडतं का? म्हणून मी प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं होतं, कोणत्या दुकानासमोर, कोणत्या झाडाशी, दाराचा रंग काय. गिऱ्हाईक चुकता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोस्त म्हणाला, "फोन पुरे की. सगळ्या जगाला घरापर्यंत कशाला आणायचं?"

"लपवायचंय काय त्यात?"

"लपवायचं नाही. पण माझा पत्ता नको घालू."

माझं टाळकं सरकलं. चार महिने खपून मी ते पान केलं होतं. मी कीबोर्ड उचलून भिंतीवर आपटला. त्याच्या कळा पॉपकॉर्नसारख्या खोलीभर उडाल्या, आणि मी ओरडलो, "तुम्ही लोक ना, उगाच घाबरून असता!"

तुम्ही लोक. वीस वर्षांच्या दोस्तीत हा शब्द आमच्यात कधी आला नव्हता. त्याने खाली बसून एकेक कळ गोळा केली. मग शांतपणे पत्ता सांगितला. गोरव्यात पिठाच्या गिरणीमागे, शेवटचं घर, वरचा मजला, हिरवा जिना. तो नुकताच तिथे भाड्याने राहायला आला होता. दारावर पाटी नव्हती. त्याच्या बोलण्यावरून गल्लीतले लोक त्याला आपल्यातलाच समजत होते, आणि त्यानेही कुणाचा समज मोडला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी पत्ता टाइप केला.

पुढल्या वर्षी शहर पेटलं. का पेटलं, कुणी पेटवलं, ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी आमच्या गच्चीवरून धूर बघत होतो. आमची सोसायटीही गोरव्यातच, कारखान्यांच्या बाजूची. तिथून गिरणी पायी पंधरा मिनिटांवर. पहिले दोन दिवस मी दोस्ताला फोन केला, तो म्हणाला, इथे शांत आहे, मला कुणी ओळखत नाही, अम्मीला पायऱ्या उतरवत नाहीत, तिला घेऊन जाऊ कुठे? त्या खोलीत तो, त्याची बायको आणि अर्धांगाने खाटेला खिळलेली आई, अशी तिघं होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध-भाजीसाठी दोन तास कर्फ्यू उठला. मी पिशवी घेऊन खाली आलो. वॉचमनच्या केबिनपाशी दहा-बारा माणसं उभी होती, हातात लोखंडी पाइप, एकाकडे रॉकेलचा डबा. निम्मे चेहरे ओळखीचे. मधोमध एक जण कागद धरून उभा होता. तिशीचा, बायकामुलांचा, लेथवर काम करणारा माणूस, दर रविवारी आमच्याकडे शिकायला यायचा. त्यांच्यात वाद चालला होता. एक म्हणत होता, यादी जुनी असणार, पाखरू केव्हाच उडालं असेल, फुकट फेरी कशाला, त्यापेक्षा दुसरीकडे जाऊ.

लेथवाल्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आवो सर! तमारी यादी बहु काम लागी!"

त्याने कागद माझ्यापुढे धरला. माझंच पान होतं. वरची माझी निळी पट्टी छपाईत राखाडी झाली होती. सहा-सात नावांभोवती बॉलपेनने गोल केले होते, आणि त्यातल्या एकावर बोट ठेवून, वर्गात शंका विचारावी तशा आदराने, त्याने मला विचारलं, "आ लीलो दादरो आगळ छे के पाछळ?"

हिरवा जिना पुढून आहे की मागून, एवढंच त्याला हवं होतं.

मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्या कपाळात वाजला. तो खाली पडला तसा मी त्याच्या छातीवर बसलो आणि दोन्ही मुठींनी मारत सुटलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तीन दिवस धूर बघून साचलेलं सगळं त्या माणसाच्या तोंडावर रिकामं होत होतं, आणि मला वाटत होतं, मी काहीतरी करतो आहे. मग पाठीत पाइप बसला. दुसरा बरगडीत. उजवा हात मी तोंडापुढे धरला, तर मनगटावर असा घाव आला की पंजा मागच्या बाजूला वळला. कुणाच्या तरी पिशवीतलं दूध फरशीवर सांडलं होतं आणि मी त्यात गाल टेकून पडलो होतो. कुणीतरी माझ्या डोक्यावर पाय दिला.

"मूको, मूको! सर छे!" लेथवाला ओरडला. नाकातून रक्त वाहत होतं तरी तो मला सोडा म्हणत होता. पाय निघाला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, कागद नीट चौघडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालो." आता कुणी वाद घातला नाही. सगळे गिरणीच्या दिशेने गेले.

वडिलांनी मला ओढत वर आणलं. मी आधी फोन उचलला. डाव्या हाताने नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा, एंगेज. पाच वेळा, सहा वेळा, तोच टूं टूं. मग डोक्यात आलं, हा गाढव नेटवर बसलाय. अशा दिवशी! मी त्याला आईवरून शिवी दिली, आणि ती आई तिथे खाटेवर होती.

त्याला गाठायचं तर आता नेटवरूनच. मी मशीन चालू केलं, मोडेमने चिरकत चिरकत नंबर लावला. पहिल्यांदा लागलाच नाही. वडील बर्फ गुंडाळलेलं फडकं घेऊन मागे उभे होते, त्यांना मी ओरडून बाहेर काढलं. दुसऱ्यांदा लागला. आमचं पान ब्राउझरमध्ये पहिलंच ठेवलेलं असायचं, ते हळूहळू वरून खाली उतरत गेलं, आणि मला दिसलं की पत्त्यांचा रकाना रिकामा आहे. वरची दहा नावं, पत्ता नाही. त्याखालची पाच, पत्ता नाही. मी बघत असतानाच पान पुन्हा उघडलं, तर आणखी एक गेला होता. पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता. तो घरी बसून, वरून सुरुवात करून, एकेकाचा पत्ता पुसत होता. त्याचं स्वतःचं नाव शेवटून तिसरं होतं.

मी मेसेंजरवर एका हाताने टाइप केलं, "घर सोड. आत्ता. येतायत."

उत्तर यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. त्याने लिहिलं, "कोण?" मी लिहिलं, "यादी." त्यानंतर त्याच्या नावापुढचा दिवा विझला.

झालं ते मला नंतर गिरणीवाल्याने सांगितलं. दोस्ताने बायकोला मागच्या खिडकीतून गिरणीच्या पत्र्यावर उतरवलं. गिरणीवाल्याने तिला आत घेऊन पिठाच्या पोत्यांमागे बसवलं. मग दोस्त आईला पाठीवर घेऊन जिन्याकडे आला, तर जिना भरलेला होता. पहिला पाइप त्याच्या खांद्यावर बसला. तो आईसकट पडला, आणि त्याला ओढून खाली रस्त्यावर आणलं. आईला कुणी ओढलं नाही. ती वरच्या पायऱ्यांवर राहिली. डबा तिथेच ओतला गेला. तिच्या ओरडण्याचा आवाज आमच्या सोसायटीपर्यंत येणं शक्य नाही, पण त्या सकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी ऐकलं, असं मला आजही वाटतं. रस्त्यावर त्याला मेला समजून टाकून गेले, म्हणून तो वाचला.

मी त्याच दिवशी ते पान उडवलं. घरातल्या सीडीच्या थप्प्या, ज्यांच्यावर तीच यादी होती, त्या गच्चीत नेऊन एकेक हातोडीने फोडल्या. डाव्या हाताने नेम चुकत होता. एक तुकडा उडून भुवईत घुसला तरी मी थांबलो नाही. वडील म्हणाले, "आता मारून काय उपयोग?" त्यांच्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असेल. पोलिसांत मी नावं दिली. दोनदा साक्ष दिली. त्याबद्दल मला फुशारकी मारायची नाही.

दोन महिन्यांनी मी त्याला भेटायला गेलो. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला मामाच्या घरी राहत होता. खांदा बांधलेला, आवाज तोच. मी यादीबद्दल माफी मागितली. कीबोर्डबद्दल मागितली, 'तुम्ही लोक'बद्दल मागितली. त्याने मान हलवली. "यादी दोघांची होती," तो म्हणाला. "मीही पत्ता सांगितलाच की."

मला हायसं वाटलं. आणि आता लाज वाटते ती पुढच्याची. मी त्याला लेथवाल्याची गोष्ट रंगवून सांगायला लागलो. डोकं कसं हाणलं, नाक कसं फुटलं, दहा-बारा जणांत मी एकटा कसा घुसलो. प्लॅस्टर वर उचलून दाखवलं. मला वाटत होतं, निदान एवढं तरी मी त्याच्यासाठी केलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "त्याने नेमकं काय विचारलं होतं तुला?"

"जिना पुढून की मागून."

"तोवर ते निघाले नव्हते?"

"नाही. त्यांचा वाद चालला होता. एक जण म्हणत होता, यादी जुनी असणार, तू केव्हाच गेला असशील."

"हे तू ऐकलंस? मारायच्या आधी?"

"हो."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, खांदा दुखतो आहे.

"मग नुसतं 'हो' म्हणायचं होतंस," तो म्हणाला. "गेला तो, मलाही माहीत नाही कुठे. एवढंच म्हणायचं. त्यांनी ऐकलं असतं. सर होतास तू त्यांचा."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मला उजव्या हाताने कप धरता येत नव्हता. त्याने तो उचलून माझ्या डाव्या हातात दिला, आणि मी नीट धरला आहे ना, हे बघून मगच सोडला.