लाटांच्या तळ्यात फुटलेला नारळ

पाच-सहाशे माणसं शिट्ट्या मारमारून पाण्याबाहेर काढावी लागली, कारण मी नारळ फोडला.

झालं एवढंच. पण आमचा ज्ञानू (माझा पोरगा, बीडला कचेरीत कारकून आहे) ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना सांगायला बसतो आणि निम्म्यातच हसून लोळतो, पुढचं कुणाला कळतच नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावं. शाळा तिसरीपर्यंत झाली, ती पण मास्तर भला होता म्हणून. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्यावं.

मी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. मुरूम, मांजऱ्या खडक, काळा पाषाण, सगळं पहारीनं फोडलं. पाणी लागलं की नारळ फोडून खाली नाचायचं, नाही लागलं की मालकाचं तोंड चुकवून वर यायचं. घरी आमची सोजर. ती मागच्या फाल्गुनात गेली. मी रडलोबिडलो नाही, नुसता बसलो. आठ महिने ओट्यावर बसलो. माणसं विहिरीला बोलवायला यायची, चहा पिऊन जायची, मी तिथंच.

आता खरी अडचण होती नातीची. सई, नऊ वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला पुण्याकडच्या वाटेवरच्या त्या पाण्याच्या बागेत न्यायचं ठरलं होतं, जिथं म्हणे मशिनीनं समुद्रासारख्या लाटा काढतात. आजी गेली आणि ते राहिलं. पोरीनं एका शब्दानं आठवण काढली नाही, वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या लाटा काढायची. वही भरली लाटांनी! दिवाळीच्या सुट्टीत ज्ञानूनं पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "आबा येणार असतील तर मी येते."

"आबा, चला की," सुनबाई म्हणाली. सुरेखा तिचं नाव, बोलायला चटचटीत. "तुमी नुसतं सावलीला बसा. पाण्यात जायाचं कामच न्हाई."

"मंग इथल्या सावलीला काय झालंय?"

सईनं वही मिटली. मी उठलो आणि धोतर बदललं. दुसरं काय करणार!

पहाटे निघालो. वाटेत लिंबागणेशाला दर्शन घेतलं. तिथल्या पुजाऱ्यानं आमचा नारळ देवाला दाखवून अख्खाच परत दिला. शेंडीवाला, जड, हलवला की आत पाणी डुचमळणारा. तो पिशवीत टाकला. सगळा घोटाळा त्या नारळाचा. (म्हणजे माझाच, पण नारळाला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलतो.)

बागेच्या फाटकावर पिशव्या तपासणारा गडी उभा होता. आमचे दशम्या-धपाटे त्यानं काढून घेतले, ठेच्याची डबी तर वास घेऊन लांब ठेवली. मग नारळ हातात धरला.

"बाबा, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे खाणं न्हाई, देवाचं हाय."

"नारळ आहे ना?"

"हाय. अख्खा हाय. खाऊन दाखव बरं!"

त्यानं दातांवरून जीभ फिरवली आणि जाऊ दिलं.

आत गेलो तर दुसरा म्हणतो, धोतर चालत नाही. मी म्हटलं, कावून? धोतरानं काय पाणी बाटतं का? तो म्हणाला, नायलॉनच लागतं, नियम आहे. पडद्याच्या खोलीत जाऊन मी भाड्याची चड्डी चढवली. निळी, तिच्यावर पिवळी फुलं आणि प्रत्येक फुलावर एक पोपट. वरून तसलाच सदरा. डोक्याला रबरी टोपी. बहात्तराव्या वर्षी मी बाहेर आलो तेव्हा सुनबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

"हसायलीस का?"

"न्हाई आबा, खोकला आला."

ज्ञानूनं सगळ्यांचं सामान कपाटात कोंबलं. माझं धोतर, पिशवी, चार जणांच्या चपला आणि त्यांच्यावर नारळ!

"देवाचा नारळ चपलांवर ठेवतो का बे?"

"आबा, अर्ध्या तासाचा प्रश्न हाय."

"देवाला अर्धा तास चपलांवर बसवतो? दे इकडं!"

आणि अशा रीतीनं मी पोपटाची चड्डी घालून, हातात शेंडीवाला नारळ धरून आत शिरलो. लोक बाजूला होत होते. कुणाला वाटलं असेल आजोबांच्या हस्ते उद्घाटन आहे.

आत जे बघितलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, पण कागद आहे म्हणून सांगतो. पाणी! नुसतं पाणी! निळं, तळ दिसणारं. एक नदी होती, ती गोल फिरून पुन्हा होती तिथंच यायची, आणि माणसं टायरात पडून तिच्यातून फिरत होती, कुणाला कुठं जायचंच नव्हतं. घराएवढी बादली वर टांगलेली, भरली की आपोआप कलंडायची आणि खाली शंभर जण आनंदानं किंचाळायचे. आमच्याकडे एवढं पाणी एकदम सांडलं असतं तर भांडणं लागली असती. मी तोंड उघडून उभा. पन्नास फूट खाली उतरून ओंजळभर पाणी दिसलं की आम्ही जन्माचं सार्थक समजायचो. आणि इथं पोरं ते एकमेकांच्या नाकात उडवत होती! राग यायला पाहिजे होता. आला नाही. वाटलं, सोजरला दाखवायला पाहिजे होतं. ती म्हणाली असती, "हे सगळं रोज कोण भरतं हो?"

मग ते लाटांचं तळं आलं. मोठं मैदान असावं तसं, सगळं फरशीचं. आपल्याकडून उतरतं आणि पलीकडे उंच भिंत. आमच्या पायापाशी फरशी कोरडी, ठणठणीत. पाणी लांब, खाली. सई माझं बोट धरून कोरड्या फरशीवर उभी राहिली.

"आबा, आता बघा. भोंगा वाजला की येणार."

भोंगा वाजला. भिंतीमागं काहीतरी घुमलं, सुरुंग उडताना जमीन घुमते तसं. आणि पाणी उठलं हो! उठून उभं राहिलं! मी जन्मभर पाण्याकडे वाकून बघत आलो, इथं पाणी माझ्याकडे वाकून बघत होतं. लाट आली, मोडली, फेसाळत कोरड्या फरशीवर चढली आणि बरोबर माझ्या पायाच्या बोटांना येऊन लागली.

कोरड्या जागी पायाला गार पाणी लागलं की विहिरीवाल्याचं काय होतं ते विहिरीवाल्यालाच ठाऊक. चाळीस वर्षांची सवय. मी ओरडलो, "लागलं रे लागलं! पाणी लागलं!" आणि हातातला नारळ शेजारच्या पायरीच्या कडेवर आपटला. फाडकन!

पहारीचा हात आहे. नारळ नुसता दोन तुकड्यांत फुटत नसतो माझ्याकडून. चहूकडे उडाला. परत फिरलेली लाट सगळे तुकडे घेऊन गेली, थेट त्या पाच-सहाशे अनवाणी माणसांमध्ये.

"अरे!" कुणीतरी ओरडलं, "काय फोडलं?"

"बॉम्ब?"

"आईग! पायाला टोचलं!"

शिट्ट्या, भोंगा, पळापळ! लाटा बंद. पाच मिनिटांत सगळं तळं रिकामं आणि सगळी माणसं काठावर, निथळत, माझ्याकडे बघत. मी तिथंच, हातात नुसती शेंडी.

"आबा," ज्ञानू दात आवळून म्हणाला, "ती शेंडी तरी टाका."

मॅनेजर आला. चांगला माणूस, तरुण, घामेघूम. कुणाला लागलं नव्हतं, टोचलंय म्हणणाऱ्या बाईच्या टाचेला नुसता ओरखडा. पण तो म्हणाला, "करवंटीचे तुकडे काचेसारखे असतात आजोबा. लहान मुलं आहेत. सगळे तुकडे सापडल्याशिवाय मी लाटा सुरू करू शकत नाही. नाही सापडले तर आज बंद." काठावरून पाचशे जणांनी "ओऽऽ" केलं. मी सईकडे बघितलं. वही मिटताना असायचा तसाच चेहरा. आणि मला वाटलं, म्हाताऱ्या, तू ओट्यावरच बरा होतास.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. बागेतली कामाची पोरं पाण्यात उतरून तळं चाचपत होती, वरच्या वर.

"वर काय हुडकता बे? लाटेसंगं काय गेलं ते उताराच्या तळाला बसतंय! तळाला पाणी खेचायची जाळी असंल न्हवं?"

मशिनीवरचा मेकॅनिक पुढं आला. कलीम. माझ्या बोलीवरूनच त्यानं ओळखलं. "चाचा, तुम बीड के क्या?"

"तू बी का?"

"घर बीडलाच हाय ना आपलं! जाळी हाय चाचा, तीन हायेत. चला."

मग मी पोपटाची चड्डी घालून तळ्याच्या कडेनं हुकूम सोडत चाललो. "तिकडं न्हाई, डावीकडं वढ हाय! बोटं फिरवा, पाय न्हाई!" आणि जाळ्यांवर तुकडे सापडत गेले! मॅनेजर माझ्याकडे आदरानं बघायला लागला. मला थोडा माज आला, खोटं कशाला बोलू.

कलीमनं प्लास्टिकच्या टेबलावर तुकडे मांडले आणि नारळ जुळवायला बसला, मडकं सांधल्यासारखा. भोवती ही गर्दी. कुणी म्हणे हा इकडं बसतो, कुणी म्हणे उलटा धर. दोन जागा रिकाम्या राहिल्या. एकीचा तपास लागला. अंबाजोगाईकडच्या एका आजीबाई लाजत पुढं आल्या, त्यांनी खोबरं खाल्लं होतं आणि करवंटी रुमालात बांधली होती.

"अवो, परसाद हातात आल्यावर टाकायचा का?"

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. आता एकच तुकडा कमी. दोन बोटांएवढा. सगळी पोरं पुन्हा पाण्यात. अर्धा तास गेला. जाळ्या उचकटल्या. मी ओरडून ओरडून घसा बसवला. "नीट बघा! आंधळे हायेत का सगळे? तळालाच असणार!" शेवटी मॅनेजर घड्याळ बघून म्हणाला, "सॉरी आजोबा."

लोक पांगायला लागले. मी काठावर बसलो. सई येऊन माझ्या मांडीला टेकली, आणि लगेच सरकली.

"आबा, तुमच्या खिशात काय टोचतंय?"

पोपटाच्या चड्डीला खिसा होता. मला तोवर ठाऊकच नव्हतं. हात घातला. आत खोबऱ्यासकट दोन बोटांएवढा तुकडा.

ज्ञानू बघतच राहिला. "आबा! तुमी सोताच?"

मला आधी कळेना. मग कळलं. विहिरीला पाणी लागलं, नारळ फुटला की पहिला उडालेला तुकडा मी झेलायचो आणि खिशात टाकायचो. घरी गेल्यावर दारात सोजरच्या हातावर ठेवायचा. ती मला कधी विचारायची नाही पाणी लागलं का. हात पुढं करायची. तुकडा असला तर चहा साखरेचा, नसला तर गप. चाळीस वर्षं हाच हिशेब. ती गेलेली मला ठाऊक होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

हे मी मॅनेजरला सांगितलं. एवढंच, यापेक्षा कमीच. तो चष्मा पुसत बसला, पाणी उडालं असेल. कलीमनं तुकडा हळूच जागेवर बसवला. बसला! नारळ अख्खा! काठावरच्या लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जणू मी चोर नव्हे पाहुणा होतो.

"चाचा, भोंगा तुम दबाओ," कलीम म्हणाला.

मी दाबला. भिंतीमागं घुमलं. सई माझा हात ओढत उतारावरून पळाली, आणि लाट आली. तिनं आम्हां दोघांना उचललं. जमीन पायाखालून गेली. बहात्तर वर्षांत जमीन मी सोडली नव्हती, तिच्यात खालीच जात होतो, आणि आता वर! सई हसून किंचाळत होती आणि तोंडात पाणी गेल्यामुळं मी काय करत होतो ते नक्की सांगता येत नाही. सतरा लाटा घेतल्या. सुरेखा म्हणते अठरा.

परवा शेजारच्या गावचा एक जण आला. "आबा, रानात विहीर घ्यायचीय. पाणी कुठं असंल, जरा येऊन सांगा."

ज्ञानू आतून ओरडला, "आधी त्येंचे खिसे बघा!"

तो बिचारा हसला नाही, त्याला काय माहीत. पण मी मात्र गपचूप सदऱ्याच्या खिशात हात घालून चाचपून बघितलं.