बिनआवाजाचं इंजिन

सासऱ्यांनी मला गाडी घेऊन दिली तेव्हा अख्ख्या दुसरबीडनं मला नशीबवान ठरवलं. सुनेला शाळेत शिकवायला जायला गाडी! खरी गोष्ट अशी की शाळेच्या वाटेवर बीबी गाव लागतं, एसटी तिथे थांबते आणि बीबीला माझं माहेर आहे. गाडी थांबवायची की नाही, हे चालवणारीच्या हातात असतं, आणि चालवणारीला सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मधात कुठी थांबायचं नाही."

कारण काय, तर दिराच्या लग्नात माझ्या माहेरच्यांनी आहेराचा टोपी-शेला आधी धाकट्या चुलतसासऱ्यांना दिला आणि मग सासऱ्यांना. एवढंच. टोपी कोणाच्या डोक्यावर आधी बसली यावरून माझं माहेर बंद झालं. नवरा म्हणाला, "बाबाचा राग उतरू दे." तो उतरायचं नाव घेईना.

गाडी जुनी, कोणीतरी वापरून टाकलेली. आवाज असा, की रस्त्यानं मळणीयंत्र चाललंय. सासऱ्यांना तो भारदस्त वाटायचा. आईचं घर बीबीच्या वळणावर, रस्त्याला लागूनच. गाडी लांबूनच ऐकू यायची आणि आई हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. मी वेग कमी करायची, तिच्याकडे बघायची आणि पुढे जायची. फोनवर बोलणं व्हायचं, पण तब्येत विचारली की फोनवर आई कायम बरीच असते.

थांबायची सोय नव्हती, कारण त्याच वळणावर सासऱ्यांच्या एका सोयऱ्यांचं कृषी केंद्र. आत काउंटरमागे बसून त्यांना रस्ता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. एकदा धीर करून थांबले. आईनं दिलेलं पाणी घशाखाली उतरायच्या आत सासऱ्यांचा फोन. "सोयरे सांगून राह्यले, तुही गाडी बंद पडली. काय झालं?" काही नाही म्हणाले आणि उठले. त्या इंजिनाचा मला असा काही संताप यायचा, की वाटायचं एखाद्या दिवशी त्यात मूठभर माती टाकावी.

मग गाडी आरटीओत पासिंगला नेली आणि अडकली. मेहकरच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिनावरचं काळं किटण रॉकेलनं पुसलं आणि खाली कोरलेला नंबर वाचला. चेसीचा नंबर कागदाशी जुळत होता, इंजिनाचा जुळेना.

"मॅडम, हे इंजिन या गाडीचं हायेच नाही. गाडी पेट्रोलची. कोनीतरी जीपचं डिझेल इंजिन बसोलं हिच्यात."

म्हणजे ज्या आवाजानं मला बांधून ठेवलं होतं, तो मुळात त्या गाडीचा नव्हताच! मी तिथेच हसले. मिस्त्रीला वाटलं, मॅडमला धक्का बसला.

असं इंजिन पास होणार नाही म्हटल्यावर सासऱ्यांचाही इलाज चालेना. मागून ठोकर लागलेल्या, त्याच कंपनीच्या एका नव्या गाडीचं पेट्रोल इंजिन मिस्त्रीनं कागदपत्रांसकट मिळवलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या लेकी माहेरी गेल्या, माझी गाडी गॅरेजला गेली.

परत आली ती ओळखू येईना. पायाखालची थरथर गेली होती. इंजिन चालू आहे की बंद, हे पाहायला मला स्टिअरिंगमागचा काटा बघावा लागे. सासरे नाराजीनं म्हणाले, "आवाजच नाही राह्यला वं हिचा." मी मान खाली घालून हो म्हणाले.

आईला मुद्दामच काही कळवलं नव्हतं. शाळा उघडली त्या दिवशी कृषी केंद्रासमोरून हळूच गेले आणि आईच्या दारात गाडी लावली. फोन वाजला नाही. ओट्यावर कोणी नव्हतं. आई आत तूर निवडत बसली होती. मला पाहून सूप बाजूला सारत ती घाबरून उठली.

"काऊन वं? गाडी कुठी हाये तुही? वाजली नाही."

"दारात हाये. इंजिन बदललं. आता कोनाले समजत नाही मी आली ते."

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती खरंच बरी नव्हती, वाळली होती. चहा झाला, आम्ही दोघी हसलोही. निघताना दाराशी आली, गाडीकडे बघत राहिली.

"रोज तं थांबता येनार नाही तुले."

"नाही. कधीमधी येत जाईन."

"मंग बाकीच्या दिवशी तू गेली हे मले कसं समजन?"

मी गाडीत बसले. वर्गात दिवसभर तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी वळणावर मी हॉर्न वाजवला, अगदी छोटासा. ती ओट्यावर आली. मग रोजच वाजवू लागले.

आठवडा गेला असेल. सासरे जेवत होते, मी वाढत होते. ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "बीबीच्या वळनावर रोज हॉर्न काऊन वाजवतं वं? कोन येते आडवं?"

"माही माय," मी म्हणाले.