पाचव्या मजल्यावरची टायपिस्ट

आमचं दफ्तर आधी एका बैठ्या बंगल्यात होतं. लांब व्हरांड्यात ओळीनं आमची टेबलं. माझ्या शेजारी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताई बसत. त्या विधवा, मुलगा नागपूरला. दफ्तरात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळं दुपारचे डबे एकत्रच उघडत.

घरी भाऊ आणि मी. तो तोफांच्या कारखान्यात होता. एकाहत्तरच्या लढाईची चाहूल लागली तशी त्याला बारा-बारा तासांची रातपाळी लागली. मी निघे तेव्हा तो झोपलेला असे, परते तेव्हा गेलेला. दिवसभरात बोलणं व्हायचं ते ताईंशीच.

त्याच वर्षी दफ्तर सहा मजली नव्या इमारतीत गेलं. प्रत्येक शाखेला वेगळा मजला, मधून बोळ, दोन्हीकडे बंद दारांच्या खोल्या. फायली जड म्हणून रेकॉर्ड तळमजल्यावर. टायपिंगचा खडखडाट साहेबांना नको, म्हणून मला पाचव्या मजल्याच्या टोकाची खोली. खिडकीतून सराफ्याची छपरं दिसत, पण रस्त्यावरचा माणूस ओळखू येत नसे.

लढाई सुरू झाली. काचांवर काळा कागद चिकटवला, वीज वाचवायला लिफ्ट बंद केली. मी रोज दुपारी डबा घेऊन धावतपळत जिन्यानं खाली उतरायची.

"काहून इतकी धापा टाकून राहिली?" ताई आपल्या नागपूरकडच्या बोलीत म्हणाल्या. "उद्यापासून मीच येतो वर."

"तुमच्या गुडघ्यांनी? पाच माळे?"

त्या हसल्या. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, काम फार आहे, जेवण वरच करत जा. मी खाली जायची थांबले.

आठवड्यानं चपराशी म्हणाला, "दीदी, नीचेवाली ताई परसों आपके पास आ रही थीं. तीसरे माले तक चढ़ीं, फिर सीढ़ी पर ही बैठ गईं. मैंने पकड़कर नीचे छोड़ा."

"मुझे बुलाया क्यों नहीं?"

"उन्होंने ही मना किया. बोलीं, काम कर रही होगी."

उद्या नक्की जाईन, असं ठरवलं. त्या उद्याला चार दिवस लागले. गेले तेव्हा ताईंच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, मुलगा येऊन ताईंना नागपूरला घेऊन गेला. राजीनामाही देऊन झाला होता.

दफ्तरातून पत्ता मिळवून मी कार्ड टाकलं. उत्तर मुलाच्या अक्षरात आलं: आई बरी आहे, तुमची आठवण काढते. मी पुन्हा लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

एव्हाना लढाई संपली होती; कागद निघाले, लिफ्ट चालू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी एकदा वर येऊन माझ्या खोलीच्या दारातून हाक मारली, "आइए ना, साथ में खाते हैं."

मी म्हटलं, टायपिंग बाकी आहे. मशीनवर कागदसुद्धा चढवलेला नव्हता.