पेल्याचा तळ

आमच्या घरात तहान लागली म्हणून पाणी प्यायची पद्धत नव्हती. पाणी मिळायचं ते बायकोच्या वेळेवर. ती निर्मळ गावची, केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत वाढलेली. तिच्या माहेरी दिवस सुरू व्हायचा तोच विहिरीचं पाणी पाटात सोडण्यापासून, आणि कुठल्या झाडाला कधी पाजायचं हे काही झाडाला विचारून ठरत नसे. लग्नानंतर ती नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत आली. वाडी माहेरीच राहिली, पण तो कारभार तिने माझ्यावर चालू ठेवला. भरलेला पेला घेऊन समोर उभी राहायची.

"तहान नाही मला," मी म्हणायचो.

"केळीने मान टाकल्यावर पानी घालून काय उपयोग? त्याच्या आधी घालायचं असतं."

"मी काय केळ आहे?"

"केळ ऐकते तरी."

पेला रिकामा करूनही सुटका नव्हती. तो तिरका धरून तळ दाखवावा लागे, कारण अर्धं पाणी मोरीत ओतून मोकळं व्हायची माझी युक्ती तिने पहिल्याच वर्षी पकडली होती. तळ दिसला की "आता कसं" म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची. मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर तर हा जाच दिवसभराचा झाला. चारचौघांत मी तिला पाणीखात्याच्या साहेबीणबाई म्हणायचो. ती हसायची आणि पेला पुढे करायची.

गेल्या माघात ती गेली. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून खिडकीतल्या अबोलीचा गजरा करत होती. भिंतीला टेकली आणि संपलं.

तिथेच, उंबऱ्याजवळ, तेरा दिवस दिवा ठेवला आणि त्याच्या शेजारी तिच्यासाठी पाण्याचा पेला. रोज सकाळी कालचं पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं आणि पेला नव्याने भरायचा, असं तिच्या माहेरच्यांनी मला सांगितलं. तेराव्याला गुरुजी म्हणाले, आता हे उचला. दिवा उचलला. पेला मात्र मी उचलला नाही. जन्मभर जिने मला पाणी दिलं तिला एक पेला देणं बंद करायचं, हे मला जमेना. मुलगा मनवेलपाड्याला आपल्या घरी गेला.

तिचा पेला मी रोज न चुकता भरत होतो. माझ्यासमोर पेला घेऊन उभं राहणारं मात्र कोणी नव्हतं. तहान म्हणाल तर लागतच नव्हती. सून रोज फोनवर विचारायची, "बाबा, पाणी प्यायलात ना?" मी म्हणायचो, "हो, आत्ताच चहा झाला." चहात पाणीच असतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

वैशाखात घर भट्टीसारखं तापलं. जेवण नकोसं झालं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अशाच एका दुपारी स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. मी खुर्चीत होतो, जागा होतो. मग खिडकीत झाडांना पाणी घातल्याचा आवाज आला, ओल्या मातीचा वासही आला. मला भीती अजिबात वाटली नाही. इतकंच वाटलं की आली एकदाची.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. उंबऱ्याशी बसायची, माझ्याशी बोलायची. काय बोलायची ते आज आठवत नाही आणि ते न आठवणं फार जिव्हारी लागतं. मी जेवायला दोन ताटं मांडत होतो. तिचा पेला भरणं सोडून दिलं, कारण जी घरात वावरते आहे तिच्यासाठी असा पेला कोण ठेवतो? झाडांकडेही मी बघेनासा झालो. तिची झाडं, ती बघेल. त्या चार-पाच दिवसांइतका सुखी मी म्हातारपणी कधी झालो नाही.

मग सुनेने फोनवर काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, "थांब, तुझ्या सासूबाईंना विचारून सांगतो."

तासाभरात मुलगा दारात होता. मला इस्पितळात नेलं. बाहेरच्या बाकावर तो सुनेला म्हणत होता, "आता त्यांना एकटं नाही ठेवता येणार. फ्लॅट बंद करून घेऊन जाऊ." बापाला वेड लागलं असंच त्याला वाटलं असणार. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाताचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते तसंच उभं राहिलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी मला तारीख, वार, फ्लॅटचा नंबर, सगळं नीट सांगता आलं.

"आजोबा, तुमचं डोकं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अंगात पाणीच नव्हतं. या वयात तहान लागल्याचं कळत नाही. पाणी फार कमी पडलं की माणसाला भ्रम होतो. तहानेची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा."

म्हणजे बायको जे सांगायची तेच. मुलगा सुटल्यासारखा रडला. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं. ते पाणी थेंब थेंब अंगात गेलं, तशी ती निघून गेली होती.

मनवेलपाड्याला जायला मी साफ नकार दिला. घराची सवय आहे, म्हणालो. खरं कारण कसं सांगणार? ती येत होती ती याच घरात. आणि तिला परत आणायचं कसं, हे आता मला ठाऊक झालं होतं. काहीच करायचं नव्हतं, फक्त पाणी प्यायचं नव्हतं.

मला घरी सोडून जाताना मुलगा टेबलावर, पलंगाशी, खुर्चीजवळ भरलेल्या बाटल्या ठेवून गेला. मी एकीलाही हात लावला नाही. सकाळभर उंबऱ्याकडे तोंड करून बसलो. जीव गेला तरी बेहत्तर, पण ती यावी, असंच मनात होतं. घर गप्प होतं.

खुर्ची जरा सरकवली तेव्हा खिडकीतल्या कुंड्या दिसल्या. अबोली वाळून कोळ झाली होती. पानं हात लावताच चुरली. माती कुंडीच्या कडेपासून सुटून भेगाळली होती. आणि मी तर रोज तिला झाडांना पाणी घालताना या कानांनी ऐकलं होतं. मातीचा वास घेतला होता.

माझ्यावर रुसून ती आठ-आठ दिवस अबोला धरायची, पण झाडाला तिने एक दिवस कोरडं ठेवलं नसतं. ती आलीच नव्हती. माझी बायको त्या सकाळी दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला भेटायला कोणी आलं नाही.

बऱ्याच वेळाने एक बाटली उचलून कुंड्यांत ओतली. पाणी भेगांतून सरळ खाली वाहून गेलं. केळीने मान टाकल्यावरचं पाणी ते. अबोली पुढे फुटली नाही, हेही सांगून टाकतो.

उंबऱ्यापाशी तिचा पेला तसाच होता. आत पाणी नव्हतं, आटल्याची पांढरी रेघ तेवढी होती. तो घासला, भरला आणि सवयीने पुन्हा जागेवर ठेवायला वाकलो. पण ठेवला नाही. गेलेल्या माणसासाठी भरलेलं पाणी आपण पिऊ नये, हे मला कळत होतं. तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि घोट घोट करत सगळं प्यायलो. पाणी उतरायला वेळ लागला.

मग पेला तिरका धरला आणि रिकाम्या स्वयंपाकघराला तळ दाखवला. बराच वेळ तसाच धरून बसलो होतो.