भिंतीकडे तोंड

थोरले सरकार कसे दिसायचे, हे त्यांच्याच घरात बावीस वर्षं दिवाबत्ती केलेल्या बाईला मी फोटोवर बोट ठेवून दाखवलं.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरातल्या एका जहागीरदारांच्या घराचा पुढचा भाग लोकांना बघायला खुला झाला होता. गावात त्या घराला थोरली माडी म्हणत. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि उरलेल्या वेळात माडीच्या संग्रहालयाचा चिटणीस म्हणून काम बघायचो. दिवाणखान्यात फोटो टांगणं चाललं होतं. खाली आक्का समया घासत बसल्या होत्या. त्या आजऱ्याकडच्या. जहागिरी गेली तरी त्यांचं माडीतलं काम सुटलं नव्हतं. पूर्वी कंदील लावायच्या, आता झाडलोट करायच्या. मागच्या अंगाच्या एका खोलीत राहायच्या.

"ह्ये कोण पावणं?" त्यांनी वर बघून विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. "अहो आक्का, हेच की तुमचे थोरले सरकार."

त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि फोटोपाशी जाऊन बराच वेळ बघत राहिल्या. "असं व्हय? मला वाटलं, उंच असतील. बुटांचा आवाज लई मोठा यायचा."

मग त्यांनी सांगितलं. सरकार दिवाणखान्याकडे यायला निघाले की चोपदार काठी तीनदा आपटायचा. काठी वाजली की कामावरच्या बायकांनी असतील तिथं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बुटांचा आवाज लांब जाईपर्यंत वळायचं नाही. आक्कांच्या जावेनं एकदा मान वळवली. तिला त्याच दिवशी गावी परत पाठवलं.

"हितं आमच्या कपाळांचं डाग हुतं," दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "चुना कुणी मारला?"

चुना मीच मारून घेतला होता. उद्घाटनाला भिंत स्वच्छ दिसावी म्हणून. मी वर्गात मुलांना सांगायचो, की इतिहासाला पुरावा लागतो. हे मी आक्कांना सांगितलं नाही.

त्या वर्षी आम्ही 'जुना दिवस' सुरू केला. दर रविवारी माडीत जुनं आयुष्य लोकांना करून दाखवायचं, ही कल्पना माझी. चौकात पगडी बांधून दाखवणारा बसायचा, मागच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात रस्सा शिजायचा, तालमीतला एक पैलवान भाला घेऊन पहारेकरी व्हायचा. शाळेतले ड्रॉइंग मास्तर चिकटवलेल्या मिशांनी सरकार व्हायचे. हातकणंगल्यापासून माणसं यायची. रश्शाच्या वासानं यायची, असं धाकटे सरकार म्हणत. धाकटे सरकार म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष तेच होते.

भिंतीकडे वळण्याचा तो रिवाज आपण दाखवायचाच, असं मी ठरवलं. आक्कांना विचारलं.

"मी न्हाय उभं ऱ्हाणार आता," त्या म्हणाल्या.

"आक्का, लोकांना कळायला नको का काय चालायचं ते?"

"कळाय पायजे म्हणतासा? मग कशापायी वळायचो, त्ये बी सांगा."

"सांगेन. मी स्वतः वाचून दाखवेन."

"बघा हं. शबूद दिलाय."

मी शब्द दिला, आणि त्या तयार झाल्या. तालमीच्या वेळी मी खडूनं त्यांची उभं राहण्याची जागा आखायला गेलो तर हसल्या. "ऱ्हाऊ द्या मास्तर. मला माझी जागा ठाव हाय."

मी निवेदन लिहिलं. त्यात होतं, 'हुकुमामुळे नोकर भिंतीकडे तोंड करीत.' समितीपुढे ते वाचलं तेव्हा धाकट्या सरकारांनी कुणी दुखावेल असं काही म्हटलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हुकूम हा शब्द जरा रुक्ष वाटतो. आदर म्हणा की. मर्यादा होती हो त्यात." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येऊन मी तो शब्द खोडून 'आदराने' असं लिहिलं. कुणी दटावलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. एका चहाच्या कपासमोर मी वाकलो.

त्या रविवारी दिवाणखाना भरून वाहत होता. पुढच्या खुर्च्यांवर धाकटे सरकार आणि अधिकारी मंडळी, मागं दाटीवाटीनं गाव. चोपदारानं काठी आपटली. ड्रॉइंग मास्तर दारात आले तसा मागून एकजण ओरडला, "ओ पावणं, ह्यो कसला सरकार! आमच्या पोरीचा मास्तर हाय ह्यो!" हशा पिकला. मी लाउडस्पीकरवर वाचलं, "सरकारांची स्वारी येताच सेवक आदराने भिंतीकडे तोंड करून उभे राहत."

आक्कांबरोबर उभ्या केलेल्या दोघी बायका वळल्या. आक्का वळल्या नाहीत.

हातात तेलाची बुधली घेऊन त्या समोर बघत उभ्या होत्या. ड्रॉइंग मास्तर त्यांच्यासमोर येऊन अडखळले. "आक्का, वळा की," ते कुजबुजले. माइक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"न्हाय वळत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, कागद नीट वाचा की. आदर कुठला? हुकूम हुता. वळून बघितलं तर माडी बंद. सांगतो म्हणालासा न्हवं?"

पुढच्या खुर्चीतून धाकटे सरकार शांतपणे म्हणाले, "चिटणीस, बाईंना आत घेऊन जा."

मी गेलो. त्यांच्या कोपराला धरलं आणि मोकळ्या हातानं माइक तोंडाशी घेऊन म्हणालो, "मंडळी, वयोमानानं आक्कांना आता विसर पडतो." लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काहीजण मायेनं हसलेही.

आतल्या बोळात आक्कांनी माझा हात झटकला नाही. फक्त विचारलं, "मी इसरलो?" मग बुधली जमिनीवर ठेवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी समितीनं ठराव केला, की वार्धक्यामुळे आक्कांना कामातून मोकळं करावं आणि मागची खोली रिकामी करून घ्यावी. ठरावाचा मसुदा माझ्या अक्षरात आहे. माडीच्या दप्तरात तो असेल. कुणाला बघायचा असेल तर बघावा. मी तो नाकारणार नाही. आक्का भावाच्या घरी, पलीकडच्या गल्लीत राहायला गेल्या.

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. रविवारी माडी सगळ्यांना खुली असायची. नेसूचं धुवट लुगडं, डोक्यावरून पदर. सरळ दिवाणखान्यात गेल्या, आपल्या जुन्या जागेवर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागल्या. "हितं आमी उलटं हुबं ऱ्हायचो. का? ऐका."

मी पैलवानाला म्हणालो, "त्यांना बाहेर न्या."

त्यानं भाला भिंतीला टेकवला. "सायेब, ती आता पब्लिक हाय. पब्लिकला कसं काढू?"

"मी सांगतोय ना!"

"मग तुमी काढा की. तुमाला सवय हाय."

मी काढलं नाही. धीर नव्हता म्हणून काढलं नाही, त्यात चांगुलपणा काही नव्हता. दिवाणखान्याच्या दारामागं उभा राहून मी ऐकत असे. रविवारमागून रविवार त्या यायच्या. पगडीवाल्यापुढची गर्दी कमी झाली आणि आक्कांपुढची वाढली. त्यांची जाऊ, तिच्या गाठोड्यात बांधलेली दोन लुगडी, गावाकडं चालत गेलेली वाट, हे सगळं त्या सांगायच्या. एक म्हातारा मोतद्दार आला. घोड्यांच्या पागेत काय चालायचं ते तोही सांगायला लागला. समितीत कुरबुर सुरू झाली. शेवटी ठरलं, की भिंतीवर पाटी लावायची म्हणजे बाईचं बोलणं कुणी खरं धरणार नाही. पाटीवर लिहायचं, 'येथे सेवक आदराने भिंतीकडे मुख करून उभे राहत.' पाटी मीच रंगवून घेतली आणि रविवारी सकाळी खिळा ठोकून लावली.

आक्का आल्या. पाटीकडे बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. माणसं जमली होती.

"मास्तर, काय लिवलंय?"

"नंतर सांगतो, आक्का."

"नंतर कशाला? मोठ्यांदा वाचा की."

मी मनात म्हटलं, दुसरंच काही वाचावं. त्यांना काय कळणार! असा विचार माझ्या डोक्यात आला, तोही लपवत नाही. पण मागं एक कॉलेजातला मुलगा ओठ हलवत पाटी वाचत होता. मी वाचलं. 'आदराने'सकट सगळं.

आक्का ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. जिला बावीस वर्षं सरकारांकडं बघायची परवानगी नव्हती त्या बाईच्या नजरेसमोर मी उभा होतो.

मी खिशातलं पेन काढलं. रंगावर शाई नीट उमटेना. मग मागच्या चुलीतला एक कोळसा आणला आणि 'आदराने' हा शब्द घासून काळा केला. त्याच्या वरच्या बाजूला लिहिलं, 'हुकुमाने'. आणि ते वाचलं.

"आनि मी इसरलो म्हणालासा, त्ये?"

"आक्का काही विसरल्या नव्हत्या," मी जमलेल्यांना सांगितलं. "मी खोटं बोललो. त्यांची खोली काढून घ्यायचा ठरावही मीच लिहिला."

"शाब्बास रे मर्दा," मागून कुणीतरी म्हणालं. ते कौतुक होतं की टोमणा, मला आजही सांगता येणार नाही. मला दोन्ही लागू आहेत.

मंगळवारी पाटी काढली गेली. बुधवारी मला बोलावणं आलं. धाकटे सरकार म्हणाले, "चूक झाली असं लिहून द्या, विषय संपवू." मी म्हणालो, चूक झाली हे खरं आहे, कुठली ते मी सांगतो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. चिटणीसपद गेलं. शाळेतही मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली. खोली आक्कांना परत मिळाली नाही. मी कोळशानं लिहिलेल्या एका शब्दानं त्यांचं छप्पर परत आलं नाही, हे मी जाणून आहे, आणि कुणी माझी पाठ थोपटायला आला तर त्याला हेच आधी सांगतो.

पण रविवारी माडी खुली असते, आणि मीही आता पब्लिक आहे. सात वर्षं झाली. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहतो. पाटी नसली तरी चालतं. परवा कुणा नवख्या पाहुण्यानं माझ्याकडे बोट करून आक्कांना विचारलं, "हे कोण?"

"ह्यो व्हय?" आक्का म्हणाल्या. "ह्यो माझ्याबद्दल खोटं बोललता. आता खरं बोलतोय. ऐका त्येचं."