मार्थाचा बंद पाडलेला वर्ग

मार्था विषमज्वराने गेल्याचा निरोप मला पेठला मिळाला. पटकीच्या साथीसाठी आमच्या नाशिकच्या दवाखान्याने मला तिकडे धाडलं होतं. विषमज्वराने माणसं जातात, हे नर्सला कुणी सांगावं लागत नाही. निरोप आणणाऱ्या शिपायासमोर मी रडले नाही. रडू आलं ते नाशिकला परतल्यावर, आणि तेही रागाने. मार्थाला ठेवलं होतं त्या वॉर्डातली आया म्हणाली, "बाई, पाठीला नुसत्या जखमा झाल्या व्हत्या. कूस बदलायला नव्या पोरी भ्यायच्या. लय हाल झाले."

ज्या बाईने आम्हाला रोग्याची कूस बदलायला शिकवलं, तिचीच पाठ सडली.

मार्था नाशिकजवळच्या ख्रिस्ती वस्तीतली, शरणपूरची. मी बालविधवा, ती ख्रिस्ती. दोघींच्याही हातचं पाणी गावात पुष्कळांना चालत नसे, म्हणून आमचं लवकर जमलं. मुंबईला जाऊन ती नवं शिक्षण घेऊन आली आणि तिने हट्टच धरला, की कामावरच्या नर्सांनाही आठवड्यातून एकदा शिकवायचं. सरावाला खरा रोगी कोण देणार? मग ही स्वतःच खाटेवर आडवी व्हायची. आणि रोगी कसली खट्याळ! अंग ढिलं सोडायची, मध्येच कण्हायची. "अगं सोनूताई, मी काय पोतं आहे? आधी गुडघा वाकव, मग खांदा धर," म्हणत माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची. हसून हसून पोट दुखायचं, पण आमचे हात तयार झाले.

एका दुपारी मोठ्या डॉक्टरांनी हे पाहिलं. "हे नाटक बंद करा. रोग्यांनी पाहिलं तर म्हणतील, इथल्या नर्सांना काही येत नाही. येतं म्हणूनच तुम्हाला नेमलं ना?"

"साहेब, मग नव्या मुलींनी काय रोग्यांच्या जिवावर शिकायचं?" मार्थाने विचारलं.

त्याच संध्याकाळी वर्गाच्या खोलीला कुलूप लागलं. त्यानंतर आलेल्या पोरींना मी दोष देत नाही. बिचाऱ्यांना कुणी काही दाखवलंच नव्हतं. दवाखान्याची अब्रू तेवढी राहिली!

गेल्या पंधरवड्यात दुखवट्याची सभा झाली. मोठे डॉक्टर गहिवरून बोलले, "मार्थाबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. सेवा त्यांच्या रक्तातच होती." माना डोलल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी उठून उभी राहिले.

"रक्तात काही नव्हतं, डॉक्टरसाहेब. ती खपून शिकली होती. तिला या पोरींना शिकवू दिलं असतंत, तर ती अशी कुजत मेली नसती."

अध्यक्षांनी घाईघाईने मृतात्म्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळी सभा उभी राहिली.

मी खाली बसले.