दोन अक्षरांमधलं अंतर

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी डावा डोळा मिटायचे, मग ती उजेडाकडे तिरपी धरायचे आणि म्हणायचे, “थांबा जी, पाहू द्या.” वस्तू म्हणजे काहीही. वांगं, शर्टाचं कापड, लग्नाची पत्रिका. सिहोऱ्याच्या बाजारात एकदा मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन त्यांनी त्याचे दोन भाग केले. दुकानदार वैतागला. “काका, घ्याचा हाये का तपासाचा हाये?” काकांनी मान वर केली नाही. “दोन जातीचा हाये बापा,” एवढंच म्हणाले.

चिखल्याच्या खाणीत मॅंगनीजचा माल निवडण्यात त्यांचा जन्म गेला. चांगला दगड एका ढिगात, हलका दुसऱ्यात. कॉलनीत आम्ही शेजारी. मी शाळामास्तर, आणि मास्तरांचं तुम्हाला ठाऊकच आहे, दुसऱ्याच्या नजरेवर त्यांचा विश्वास नसतो. पण काकांच्या नजरेशी खाणीतले साहेबलोकही वाद घालत नसत.

काका निवृत्त झाल्यावर दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर एक अल्बम घेऊन आल्या. त्यांच्या वारलेल्या भावानं जमवलेली चीनची जुनी डाकतिकिटं. कोणतं तिकीट कोणत्या प्रकारचं, हे त्यानं कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. सिस्टरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आयुष्यभर इतरांना सुया टोचत आलेल्या बाईला ऑपरेशनची भीती.

“जयभीम सिस्टर. पण मले चिनी येत नाही,” काका म्हणाले.

“म्हणूनच तं आली. ज्याले वाचता येते, तो वाचतच बसते. तुम्ही पाहाल.”

झालं असं होतं की त्या काळी तिकडे चीनमध्ये सगळ्याचेच भाव भराभर चढत. नवी तिकिटं छापण्याऐवजी जुन्याच तिकिटांवर काळ्या शाईत नवी किंमत ठोकून देत. छपाईचे खिळे हातानं जुळवलेले. त्यामुळे एकाच तावात कुठं दोन अक्षरं जवळ आली, कुठं लांब गेली. जाणकार माणसं या केसभर फरकावरून प्रकार ठरवतात.

काका जाणकार नव्हते. पहिल्याच महिन्यात त्यांनी डाकेच्या शिक्क्याची रेघ अक्षरात धरली आणि चार नवे प्रकार शोधून काढले. मोबाईलवरून फोटो नागपूरच्या एका संग्राहकांना पाठवले. त्यांनी चारही एका वाक्यात निकालात काढले. काकांनी दोन दिवस अल्बम उघडला नाही. मग एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर सुईनं बारीक रेघा ओढून त्यांनी स्वतःची मोजपट्टी केली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

एका सकाळी ते माझ्या अंगणात आले ते हसतच. चिमट्यात एक तिकीट, तळहातावर दुसरं.

“सापडलं सर! याच्यावर अक्षरं जवळ, त्याच्यावर लांब. एकमेकाले जोडून होते.”

“होते म्हणजे?”

“वेगळे केले ना. दोन प्रतीचा माल एका ढिगात कसा ठेवाव?”

छिद्रांच्या ओळीवरून, हलक्या हातानं, कडेचा एकही दात न मोडता त्यांनी ती जोडी फाडली होती. फोटो नागपूरला गेला. संध्याकाळी उत्तर आलं: फोटोवरून अंतर नक्की सांगता येत नाही. पण फरक खरा असेल तर जोडी फाडायला नको होती. दोन्ही प्रकार एकाच तावात होते, याचा पुरावा ती जोडीच होती.

म्हणजे नजर खरी ठरली तर हात चुकला, आणि हात निर्दोष ठरवायचा तर नजर खोटी.

मी शहाणपणा केला. म्हटलं, “शेजारी शेजारी चिकटवून टाका. सिस्टरना कुठं दिसतंय?”

“तिले दिसत नाही म्हणून तं मले देल्ला,” काका म्हणाले. मला शरम वाटली.

त्यांनी तिकिटांखाली लिहिलं, ‘ही दोन जोडून होती. मी फाडली.’ खाली सही. अल्बम घेऊन सिस्टरकडे गेले, सगळं सांगितलं. “कागदच तं हाये,” सिस्टर म्हणाल्या. पण काकांनी अल्बम तिथंच ठेवला. निम्मी पानं बाकी होती. “माझ्या नजरेचा आता भरोसा नाही,” म्हणाले.

त्यानंतर दुकानदार देईल तो तांदूळ ते पिशवीत घेऊ लागले. मला ते पाहवत नसे.

या हिवाळ्यात काका गेले, थोड्याशा आजारानं. त्यानंतर महिन्याभरात सिस्टरनी धीर करून भंडाऱ्याला ऑपरेशन करून घेतलं. काळा चष्मा उतरला त्या आठवड्यात त्या अल्बम काखेत मारून माझ्याकडे आल्या. व्हरांड्यात बसून त्या जोडीचं पान उघडलं, भिंग लावलं आणि आधी एक तिकीट पाहिलं, मग दुसरं.

“लांब हाये जी,” त्या म्हणाल्या. “एकाचं खरंच लांब हाये. बरोबर ओयखलं होतं त्यांनी.”

त्यांनी काकांच्या सहीवरून बोट फिरवलं.

“त्यांच्या घरी कोन हाये आता?”

“कुलूप आहे.”

सिस्टरनी अल्बम मिटला नाही. भिंग माझ्याकडे सरकवलं. “तुम्हीबी पाहा सर. आपण दोघंजणं तरी पाहून ठेवू.”

मी वाकलो. उजेड कमी पडत होता म्हणून पान थोडं तिरपं केलं. डाव्या तिकिटावरची दोन अक्षरं एकमेकांपासून जरा लांब उभी होती.